कढईखालचा होल सॉ

मित्रांनो, मी एक जुना होल सॉ आहे आणि आत्ता मी एका भिंतीत तोंड खुपसून अडकलो आहे. मशीन बंद आहे. मला चालवणारे दोघे, एक स्टुलावरून आणि एक खालून, एकमेकांची अक्कल काढत आहेत, आणि माझ्या पोटात एक पिवळा होल सॉ कोंबलेला आहे. याबद्दल मला कोणी विचारले नव्हते.

तुमच्यापैकी ज्यांनी होल सॉ पाहिला नसेल त्यांनी एक पोलादी वाडगा डोळ्यांपुढे आणावा, खोल आणि सरळ कडांचा. त्याच्या काठाला दात. मधोमध एक लांब बीट, जो आधी भिंतीत शिरून जागा धरतो. हा वाडगा ड्रिल मशीनला लावून फिरवला की गोल भोक पडते आणि कापलेली चकती वाडग्यात अडकून राहते. ती चकती दर वेळी बाहेर काढायची असते. हे वाक्य मी पुन्हा म्हणणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

माझे आत्मवृत्त सलग होणार नाही. मशीन बंद असते तेव्हाच मला बोलता येते. चालू झाले की वाक्य जिथे असेल तिथे तुटते. मला सलग चालवले असते तर मीही सलग बोललो अस

घर्रर्रर्र.

पाहिलेत?

टाइल

ही टाइल पांढरी आहे, कडेला निळी रेघ आहे, आणि तिच्यात कालच एक भोक पाडलेले आहे. तीच सगळी अडचण आहे.

तसे पाहिले तर ही भिंत खरी भिंतसुद्धा नाही. गॅलरी बंद करून केलेल्या स्वयंपाकघराची ती बाहेरची बाजू आहे. पहिल्या मालकाने नुसता पत्रा ठोकला. दुसऱ्याला पत्रा तापतो म्हणून आतून लाकडी फळ्या हव्या होत्या. तिसऱ्याला फळ्या बघवेनात, त्याने त्यांच्यावर सिमेंटची शीट लावली. चौथ्याने टाइल चिकटवली. जुन्याला हात न लावता त्यावर नवे चढवत जायचे, याला लोक घराचे नूतनीकरण म्हणतात. वरून बघणाऱ्याला फक्त टाइल दिसते. आतले सगळे आमच्या दातांना भेटते.

या स्वयंपाकघरात एक सून काजू-शेंगदाणे तळून, मीठ लावून दुकानांना पुरवते. नवरा परगावी नोकरीला, घरात ती आणि सासरे. तळणीचा धूर जायला वाट नाही. सासऱ्यांचा खोकला इतका वाढला की डॉक्टरांनी सरळ सांगितले, घरात एक तर धूर राहील नाही तर आजोबा. सासरे लेकीकडे गेले. तिथे त्यांना करमेना. उद्या ते परत येणार आहेत. बॅग भरून बसले आहेत आणि दर थोड्या वेळाने सुनेला फोन करून एवढेच विचारतात, "भोक पडलं का?"

सूनबाईंनी चिमणी आणून ठेवली आहे. शेगडीवर बसवायचे, धूर ओढून घेणारे ते यंत्र. त्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढला की झाले. आज सकाळी तिने दोघा कारागिरांच्या हातात चहा दिला आणि आवाज जराही न चढवता म्हणाली, "उद्या बाबा येतायत. चिमणी लागली नाही तर मी शेगडी बंद करणार आहे, कायमची. त्यांना मी दुसऱ्यांदा घराबाहेर पाठवणार नाही."

दोघांनी चहा न पिताच कप खाली ठेवले. मी पिशवीतून ऐकत होतो. मला दात असूनही ते आवळावेत असे आयुष्यात क्वचितच वाटले आहे.

टाइल, अजूनही

आता हे दोघे कोण ते सांगतो. एक दाजी, एक मेव्हणे. दाजींची बायको ही मेव्हण्यांची थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणतात. दाजीही रागाच्या भरात कधी कधी म्हणून जातात. हे दोघे एकाच घरात राहतात आणि मिळून लोकांची जुनी घरे दुरुस्त करतात.

फार पूर्वी दोघे मिळून ड्रिल मशीन घ्यायला गेले होते. दुकानात इतके भांडले की दुकानदाराने दोघांना पाणी पाजून रिकाम्या हाताने घरी पाठवले. तेव्हा ताईंनी कायदा केला. खरेदी दाजींची, काम मेव्हण्यांचे. एकाने दुसऱ्याच्या प्रांतात तोंड घालायचे नाही. घरात शांतता नांदू लागली. आणि तेव्हापासून, मित्रांनो, आमचे हाल सुरू झाले. कारण जो आम्हाला निवडतो त्याने आम्हाला कधी चालवलेले नाही, आणि जो चालवतो त्याला निवडता येत नाही. मेव्हणे म्हणणार, हत्यार रद्दी आहे. दाजी म्हणणार, हात रद्दी आहे. हत्याराला मात्र दोघांच्याही शिव्या.

दाजी हत्यार कसे निवडतात? तळहातावर घेऊन, डोळे मिटून, वजन करून. जड ते चांगले. या पद्धतीने त्यांनी मला निवडले होते आणि नशिबाने निवड बरोबर निघाली. तेव्हापासून त्यांचा तळहातावर फारच विश्वास बसला. या कामासाठी त्यांनी पिवळ्याला उचलले, तेव्हा तो खोक्यासकट उचलला. खोका जड लागला. दाजी खूश झाले. वर मोठ्या अक्षरांत कार्बाइड लिहिलेले होते, तेही त्यांनी वाचले. खोका का जड होता? आत एक मोजपट्टी फुकट दिलेली होती.

ती मोजपट्टी अजून प्लॅस्टिकमध्येच आहे. तिने कोणी पाइप मोजला नाही.

मोजायचे कशाला? पाइपवर आकडा छापलेला होताच. दाजींनी तोच आकडा दुकानदाराला सांगितला. आता पाइपवरचा आकडा हे त्याचे नाव असते, त्याचा घेर नसतो. बाहेरून तो जाड असतो, आणि चिमणीच्या पाइपला तर तोंडाशी वर आणखी एक पट्टा असतो. एवढे लक्षात न घेता काल पिवळ्याला भिंतीला लावले. तो टाइलमधून गेला, शीटमधून गेला, आणि जाता जाता त्याचे दात एकेक करून गळत गेले, कारण ते नुसते चिकटवल्यासारखे बसवलेले होते. लाकडात एक आडवा ठोकलेला खिळा होता. तिथे पिवळा गच्च अडकला. तो फिरेना, मग मशीनच फिरले, आणि त्याबरोबर मेव्हण्यांचे मनगट. आता ते मनगट सुजून सूनबाईंच्या स्वयंपाकघरातल्या फडक्यात बांधलेले आहे.

त्यातून पाइप लावून पाहिला तर तोंडही आत जाईना. चहूबाजूंनी बोटभर कमी पडले.

दाजी पाइप घेऊन धावत दुकानात गेले. दुकान बंद होते, आठवड्याची सुट्टी. मान खाली घालून घरी आले. ताई कढई उतरवत होत्या. आणि कढई जिच्यावर ठेवली त्या वस्तूकडे दाजी बघतच राहिले.

ती वस्तू मी होतो.

टाइल, शेवटचे

मला कढईखालून काढले त्याचा आनंद सांगण्यात वेळ घालवत नाही. ताई एवढेच म्हणाल्या, "मग मी कढई कशावर ठेवू?"  दाजींनी मला तळहातावर घेतले, डोळे मिटले, आणि या वेळी डोळे उघडून पाइपच्या पट्ट्यालाही लावून पाहिले. तंतोतंत.

पण सकाळी इथे आल्यावर मेव्हण्यांनी मला बघितले आणि कपाळावर हात मारला, तोही दुखरा. मग दाजींना समजावून सांगितले. होल सॉचा जीव मधल्या बीटात असतो. बीटाला धरायला मध्ये काहीतरी लागते. पिवळ्याने मधली चकती आधीच काढली आहे. भोकाच्या मधोमध आता हवा आहे. मोठा होल सॉ लावला तर तो टाइलवर नाचेल, भोक वाकडे जाईल आणि टाइल तडकेल.

दाजींनी भोकात हात घालून पाहिला. मग म्हणाले, "दुकानात हे एकात एक घालून ठेवतात."

"काय?"

"हे वाडगे. मोठ्यात मधला, मधल्यात छोटा. वाट्या ठेवतात ना, तसे. मी नेहमी बघतो."

मेव्हणे म्हणाले, दुकानातल्या मांडणीचे कौतुक त्यांनी घरी जाऊन ताईला सांगावे. आणि बोलता बोलता थांबले. वाडगा ज्यावर कसतात त्या दांड्याकडे बघितले. दांड्याचे आटे लांब होते. दोघे मावतील एवढे.

अशा रीतीने मला मागे आणि त्या पिवळ्याला माझ्या पोटात, जरासा पुढे, एकाच दांड्यावर कसण्यात आले. पिवळ्याने कापायचे नव्हतेच. त्याने कालच्या भोकात शिरून नुसते मध्ये बसायचे, आणि त्याच्या आधाराने मी बाहेरून कापायचे. आयुष्यात एवढा अपमान आणि एवढी शहाणी युक्ती मला एकाच वेळी कधी भेटली नव्हती.

राहिला एक प्रश्न. मशीन कोण धरणार?

मेव्हण्यांचे मनगट बांधलेले. दाजींनी आजवर मशीनचे बटण कधी दाबलेले नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितले. तेवढ्यात आतून फोन वाजला आणि सूनबाईंचा आवाज आला, "नाही बाबा, अजून नाही. हो, पडेल."

दाजी स्टुलावर चढले.

तेव्हापासून असे चालले आहे. दाजी बटण दाबतात, घाबरून सोडतात. मेव्हणे खालून सांगतात, दाबू नका, नुसतं टेका. दाजी विचारतात, टेकणं आणि दाबणं यात फरक काय. मग भांडण, मग मशीन बंद. मघाशी मी अडकलेलो दिसलो, तो याच कारणाने. मेव्हण्यांनी डाव्या हाताने भांड्यातले पाणी टाइलवर शिंपडले. दाजी म्हणाले, माझ्या बाहीवर कशाला. मेव्हणे म्हणाले, बाही टाइलवर आहे म्हणून. सूनबाई दारात येऊन उभी राहिली. दाजींनी मशीन पुन्हा टेकवले. आणि आता बहुतेक

घर्रर्रर्र. घर्र. घर्रर्रर्रर्र.

टाइल तडकली नाही. हळू फिरवले, पाणी दिले, टेकवले, म्हणून तडकली नाही. हे चार शब्द खोक्यावर छापले असते तर माझे अर्धे नातेवाईक आज जिवंत असते.

सिमेंटची शीट

दाजी घाम पुसत आहेत. तेवढ्यात माझा जन्म उरकून घेतो.

मला एका कारखान्यात पोलादाची जाड नळी कापून, तिला बूड लावून घडवले. मग काठाला खाचा केल्या आणि प्रत्येक खाचेत कार्बाइडचा एकेक दात तापवून पक्का बसवला. कार्बाइड फार कठीण असते. लाकडाच्या होल सॉला टाइल दाखवली तर तो जळतो. टाइलचा होल सॉ लाकडात घातला तर भुश्याने गुदमरतो. खिळा आला की दोघेही हात टेकतात. मी टाइल, शीट, लाकूड, खिळा, पत्रा असे एकामागून एक कापू शकतो, कारण जुन्या घराच्या भिंतीत काय निघेल ते कोणालाच ठाऊक नसते. माझा जन्मच अशा भिंतींसाठी झाला आहे. मला न सोसणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ठोका. मशीनला हातोडीसारख्या ठोक्याचे बटण असते. ते माझ्यासाठी नाही.

हे कोणाला सांगायचे? दुकानात मी टांगलेला होतो तेव्हा गिऱ्हाइके यायची. एकाने लाल रंगाचा मागितला, कारण त्याचे मशीन लाल होते. एकाने विचारले, याने नारळ फोडता येईल का. एक बाई बराच वेळ माझे दात मोजत होत्या. मला वाटले, जाणकार दिसतात. त्यांना केकसाठी साचा हवा होता. भिंतीत काय आहे, हे सांगून आम्हाला निवडणारे गिऱ्हाईक मी अजून पाहिलेले नाही. मग दाजी आले, डोळे मिटले, आणि

घर्रर्रर्रर्रर्र.

...घेतले. एवढेच.

कडे

शीट कापून झाली. मला भिंतीतून मागे ओढले. माझ्यात आणि पिवळ्यात शीटचे एक कडे अडकून बसले आहे. बोटभर रुंद, पूर्ण गोल, कुठेही मोड नाही. टाइलचा वरचा थर खपल्यांसारखा गळून गेला, कडे तेवढे राहिले.

मेव्हण्यांची जुनी सवय अशी की पोटातली चकती काढायची नाही. पुढचे भोक पाडताना मागची आपोआप सरकते, असे त्यांचे म्हणणे. कुठे सरकते? माझ्या बुडाशी. तिथे लाकूड, रंग, चुना यांचा गोळा होतो, मी तापतो, अर्धाच आत जातो, आणि मग मला बोथट म्हणतात. मित्रांनो, मी बोथट नव्हतो. माझे पोट भरलेले होते.

आजही मेव्हणे म्हणाले, "राहू द्या, पुढे चला."

दाजी ऐकेनात. फरशीवर मांडी घातली, माझ्या बाजूच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून इकडून थोडे, तिकडून थोडे असे करत कडे सोडवू लागले. मला वाटले, शेवटी कोणाला तरी माझी कणव आली. तसे काही नव्हते.

"माझं पहिलं भोक आहे," दाजी म्हणाले. "घरी दाखवीन."

"पहिलं भोक माझं होतं. काल पडलं."

"तुमच्या भोकात पाइप जात नव्हता."

कडे अखंड निघाले. दाजींनी ते रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवले. कारण काही असो, माझे पोट मोकळे झाले. पिवळ्याचीही सुटका झाली. तो बाजूला पडला, दात नसलेला, आणि खरे सांगायचे तर त्याच्यावरचा माझा राग तेव्हा उतरला. त्यालाही कोणीतरी खोक्यासकटच तोलले होते. त्याने मधे बसायचे काम नेकीने केले.

लाकूड

इथून पुढे फळीचा मधला भाग शाबूत आहे, म्हणून मधला बीट परत लावला आहे. आता मी एकटा.

लाकडात मला माझी उमेदीची वर्षे आठवतात. तेव्हा मेव्हण्यांचे मनगट धड होते आणि माझे सगळे दात. जुन्या घरांत नळ, वायरी, झरोके यांच्यासाठी मी कितीतरी भोके पाडली. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या न्हाणीघरात पहिल्यांदा गरम पाण्याचा नळ आला, तेव्हा त्या आजी प्रत्येकाला बोलवून माझे भोक दाखवत होत्या. "किती गोल आहे बघा," म्हणायच्या. आयुष्यात मला मिळालेली शाबासकी एवढीच. ती मी जपून ठेवली आहे.

उरलेले तुम्हीच ऐका. मेव्हण्यांनी मला एकदा ठोक्याच्या बटणावर चालवले, माझा एक दात उडाला. शेजाऱ्याने मागून नेले आणि मला वापरून कुंड्यांना भोके पाडली. एका रंगाऱ्याने माझ्यात ब्रश उभे केले. मग पाइप लहान झाले, कामे बदलली, मी घरी आलो. एके दिवशी ताईंना बुडाशी गोल असलेली कढई ओट्यावर नीट बसेना. माझ्या दातांवर ती नीट बसली.

तिथे मी किती वर्षे होतो ते विचारू नका. रोज तापलेली कढई, तेलाचे थेंब, आणि खाली ओट्यावर माझ्या बुडाचे ओरखडे. घरात आलेल्या पाहुण्यांना मेव्हणे सांगायचे, ती कढईची रिंग आहे. त्यांना स्वतःलाही आठवत नव्हते. ज्या हाताने मी कितीतरी भिंती पार केल्या, त्या हाताने रोज माझ्यावरच्या कढईतले वाढून घेतले आणि एकदाही खाली

खिळा

आवाज बदलला. मी पोलादावर आहे.

कालचाच खिळा.  मेव्हणे हळू आवाजात म्हणाले, "दाजी, सोडा. उतरा खाली. तुमचंही मनगट जाईल."

दाजी उतरले नाहीत. बटणही दाबले नाही. तसेच मशीन धरून उभे राहिले.  

मित्रांनो, इथे माझे दात गेले असते तर काम संपले असते. दुसरा होल सॉ नाही, दुकानात जाऊन आणायला वेळ नाही, आणि उद्या सकाळी ती बाई शेगडी बंद करणार. पलीकडच्या खोलीत ती दाण्यांची पोती एका कोपऱ्यात सरकवत होती. आवरून ठेवत होती की जागा करत होती, कळायला मार्ग नव्हता.

"किती दाबू?" दाजींनी विचारले.

"विचारू नका. तुम्हाला हाताला काय लागतंय ते सांगा."

हा प्रश्न दाजींना आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांनी बटण क्षणभर दाबून पाहिले. "खरखरतंय. एका बाजूला अडतंय."

"कुठल्या?"

"उजव्या. खाली."

"मग तिथं जोर नको. सगळीकडून सारखं. दोन्ही पाय रोवा, मशीनचं ते बाजूचं दांडकं धरा. आणि अगदी हळू. तुम्हाला वाटेल चालतच नाही, एवढं हळू."

दाजी इतके घाबरलेले होते की त्यांनी ते अक्षरशः तसेच केले. आणि खिळा कापायला नेमके तेवढेच लागते. मेव्हण्यांची घाई माझ्या वाट्याला वर्षानुवर्षे आली. ही भीती पहिल्यांदाच आली. मी खिळ्याला एका बाजूने धरले. तो किंचाळला. मी तापलो. दाजी थांबले, मेव्हण्यांनी थेंबभर तेल सोडले, पुन्हा सुरू. थांबले, पुन्हा सुरू. माझ्या एका दाताचा कपचा उडाला, मला कळले. दाजींनाही कळले असावे, कारण त्यांनी हात लगेच हलका केला. मेव्हणे खालून दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे होते, दुखऱ्या हातानेसुद्धा.

मग खरखर थांबली आणि लाकडाचा मऊ आवाज परत आला.

 दाजींनी भिंतीला कपाळ टेकले.

पत्रा

पत्रा म्हणजे माझ्यासाठी शेवटचा कागद. तो लगेच सुटला.

हवा

भोकातून उजेड आत आला. मागोमाग बाहेरचा वारा, रस्त्यावरचे हॉर्न, कोणाच्या तरी सायकलची घंटा. सूनबाई धावत आली. तिने भोकासमोर तळहात धरला आणि तसाच धरून ठेवला.

फोन वाजला. तिने तो उचलून, दुसरा तळहात भोकासमोरून न हलवता, दाजींपुढे धरला. दाजींनी तो घेतला आणि म्हणाले, "आजोबा, पडलं. मी पाडलं."

पलीकडून विचारणा झाली असावी की आपण कोण. दाजी नाव सांगायला लागले, तेवढ्यात मेव्हण्यांनी ओरडून सांगितले की चिमणी अजून लागायची आहे, फोनवर नंतर मिरवा.

भोक

दुसऱ्या दिवशी सासरे आले, बॅग दारात ठेवली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी आपल्या खुर्चीवर बसले. दाजी-मेव्हणे उरलेल्या फटी बुजवायला आले होते. मी पिशवीत होतो, पण पिशवीची चेन उघडी होती.

सूनबाईंनी शेगडी पेटवली. कढईत दाणे सोडले. चिमणी घुमू लागली. धूर उठला, वर गेला, माझ्या भोकातून बाहेर निघून गेला. सगळ्यांचे डोळे सासऱ्यांच्या छातीकडे. ते शांत बसले होते. मग त्यांनी नाक वर केले, दोन-तीनदा श्वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"वासच येत नाही आता. दाणे झाले की नाही, मला कळायचं कसं?"

सूनबाईंनी बशी भरून त्यांच्या हातात दिली. त्यांनी मूठभर तोंडात टाकले आणि त्यांना जोरात ठसका लागला. मेव्हण्यांच्या हातातली थापी खाली पडली. सूनबाईंनी शेगडीच्या बटणाला हात घातला.

सासऱ्यांनी हात वर करून तिला थांबवले. पाणी प्यायले, डोळे पुसले.

"चालू ठेव," ते म्हणाले. "दाणा अडकला."

शेवटचे, आणि मशीन बंद असतानाच

त्यानंतर दाजी आणि मेव्हणे दुकानात एकत्र गेले. ताईंचा कायदा मोडून. मीही बरोबर होतो, घेर दाखवायला. मेव्हणे प्रत्येक होल सॉचे दात नखाने तपासत होते, दाजी खोके उघडून आत काय काय भरले आहे ते बघत होते, आणि दोघे मिळून दुकानदाराला आपल्या पुढच्या कामाच्या भिंतीत कोणते थर आहेत ते सांगत होते. दुकानदाराने जुनी ओळख पटून आधीच पाण्याचे दोन पेले आणून ठेवले. फार वेळ लागला. दाजी दर थोड्या वेळाने म्हणत, मी एकटा असतो तर एव्हाना जेवून झोपलो असतो. पण डोळे मात्र त्यांनी एकदाही मिटले नाहीत.

घरी आल्यावर ताईंनी कंबरेवर हात ठेवून विचारले, कढईचे काय. दाजींनी रुमाल सोडला आणि ते सिमेंटचे कडे ओट्यावर ठेवले. ताईंनी त्यावर कढई ठेवून पाहिली. हलवून पाहिली. डुगडुगली नाही, ओट्यावर ओरखडाही नाही.

"हे कुठून आणलंत?"

"पाडलेल्या भोकातून," दाजी म्हणाले.

मित्रांनो, तुम्ही मोठे झालात आणि घर दुरुस्त करायला घेतलेत, तर आमच्यापैकी कोणाला तरी निवडावे लागेल. रंग बघू नका. खोका तोलू नका. आधी भिंतीला विचारा, तिच्यात काय काय दडले आहे. मग पाइप बाहेरून मोजा. आणि जो मशीन धरणार आहे त्याला दुकानात सोबत न्या, मग तो तुमचा मेव्हणा का असेना. आम्हाला हळू फिरवा, ठोकू नका, वेळेवर गार करा. एवढे नाही जमले तरी एक तरी करा.

काम झाले की आमच्या पोटात काय अडकले आहे ते काढून बघा. माझ्या पोटातून निघालेल्या त्या कड्यावर आज ताईंची कढई बसते. माझ्या दातांवर आता काहीच नाही, आणि मी पुढच्या भिंतीची वाट बघतो आहे.